चौसष्ट पाने आणि पहिली रात्र

न्यू हॅम्पशायर राज्यातील मुलींच्या एका निवासी उन्हाळी कॅम्पमध्ये गेली आठ वर्षे काम करणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. परदेशांतून येणाऱ्या स्टाफची निवड आणि पूर्वतयारी ही त्यांची जबाबदारी. गेल्या उन्हाळ्यात ब्रिटन, न्यूझीलंड, मेक्सिको, पोलंड आणि दक्षिण आफ्रिका येथून बत्तीस जण आले आणि प्रथमच पुण्याहून एक विद्यार्थिनीही आली. सात आठवड्यांचा हंगाम संपण्यापूर्वीच त्यांपैकी सहा जण काम सोडून गेले. त्या लिहितात : “मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला चौसष्ट पानांची पुस्तिका पाठवते. वाचली का, असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात आणि इथे आल्यावर पहिल्याच रात्री ‘ब्लँकेट कुठे मिळेल’ असे विचारत येतात. आमच्या संचालकांच्या मते हल्लीच्या मुलांत चिवटपणा उरलेला नाही. मुली येण्यापूर्वीचे स्टाफचे प्रशिक्षण, म्हणजे ओरिएंटेशन, दोन दिवसांनी वाढवावे आणि पुस्तिकेवर ऑनलाइन परीक्षा घ्यावी, असे ते म्हणतात. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. कष्टाच्या गोष्टी आधीच सांगितल्या तर चांगले उमेदवार बिचकतील, अशी भीती वाटते. पुण्याची मुलगी सोडून जाणाऱ्या सहांपैकी एक होती, ते मात्र मनाला लागून राहिले आहे. ती आपलीच, तिला वेगळे काय सांगायचे, असे समजून मी तिच्याशी सर्वांत कमी बोलले. मी रोज विचारायचे आणि ती ‘सगळं छान आहे, ताई’ म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती बॅग भरून ऑफिसच्या पायरीवर बसलेली दिसली.”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत जोडलेली पुस्तिका मी दोन बैठकांत वाचून काढली. तुमच्या बत्तीस जणांना ब्लँकेटचा प्रश्न का पडला, हे मला एक्केचाळिसाव्या पानावर कळले. तिथे सामानाच्या यादीत ‘ऋतूला साजेसे पांघरूण’ एवढेच लिहिले आहे. आता पुण्याच्या मुलीच्या दृष्टीने पाहा. ती मे महिन्यात, पंखा पाचवर ठेवून, ‘उन्हाळी कॅम्प’साठी बॅग भरते आहे. उन्हाळ्याला साजेसे पांघरूण म्हणजे तिच्या लेखी एक सुती चादर. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांतील तळ्याकाठी जूनच्या रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि तुमच्या केबिनला खिडकीऐवजी जाळी असते, हे तिला कोण सांगणार? पुस्तिकेत चूक काहीच नाही. ती फक्त ज्यांना आधीच सगळे ठाऊक आहे अशा माणसांनी लिहिली आहे.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. अमेरिकेतील कॅम्पची परंपरा साधारणपणे १८६१ सालापासून मोजतात. त्या वर्षी कनेक्टिकट राज्यातील फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना समुद्रकाठी तंबूंत राहायला नेले होते. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत त्या देशात कॅम्प ही घराघरांतली गोष्ट झाली. तुमच्याकडे येणाऱ्या अमेरिकन काउन्सेलरांपैकी (म्हणजे केबिनमध्ये मुलींबरोबर राहून त्यांची काळजी घेणाऱ्या तरुणींपैकी) अनेकजणी आठव्या-नवव्या वर्षी स्वतः कुठल्या तरी कॅम्पमध्ये खाटेवर रडून झोपलेल्या असतात. शेकोटीची गाणी, दोन रंगांच्या संघांत सारा कॅम्प वाटून खेळली जाणारी ती हंगामाअखेरची चुरस, तळ्यात उतरण्यापूर्वी घ्यावी लागणारी पोहण्याची चाचणी यांपैकी काहीही त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. उलट आपल्याकडे ‘शिबिर’ म्हटले की एनएसएसचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर आठवते : गावातली शाळा, सतरंज्या, सकाळी श्रमदान, संध्याकाळी व्याख्यान आणि आठव्या दिवशी घरचे जेवण. तुमच्या पुण्याच्या मुलीने ‘मला शिबिराचा अनुभव आहे’ असे मुलाखतीत सांगितले असेल, तर ती खोटे बोलली नाही आणि तुम्हीही चुकीचे ऐकले नाही. शब्द एकच होता आणि त्यामागची चित्रे दोन होती. तुम्ही स्वतःही आठ वर्षांत अलगद पलीकडच्या काठावर गेला आहात. पहिल्या वर्षी तुम्हाला काय काय विचित्र वाटले होते, ते आज आठवते का?

म्हणून संचालकांचे निदान मला मान्य नाही. चिवटपणा नसलेली मुलगी तीन आठवडे ‘सगळं छान आहे’ म्हणत तग धरत नाही. निदान करण्यापूर्वी सहाही जणांना साधे पत्र लिहा आणि एकच प्रश्न विचारा : इथे आल्यावर अशी कोणती गोष्ट कळली, जी निघण्यापूर्वी कळायला हवी होती? उत्तरांत कष्टांचा उल्लेख कमी असेल आणि न सांगितलेल्या गोष्टींचा अधिक, असा माझा कयास आहे. मी पेनसिल्व्हेनियातील एका कॅम्पच्या कार्यालयात तीन उन्हाळे काढले आहेत आणि हा कयास माझ्या स्वतःच्या चुकांवरून बांधलेला आहे. ‘आठवड्यातून एक दिवस सुट्टी’ असे मी सर्वांना अगदी उत्साहाने कळवत असे. सर्वांत जवळचे गाव अकरा मैलांवर आहे आणि तिथे जायला बस नाही, हे कळवायचे मला कधी सुचलेच नाही. हंगेरीहून आलेला एक मुलगा पहिल्या सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाबाहेरच्या रस्त्यावर तासभर बसची वाट पाहत उभा राहिला. परत आल्यावर तो मला काही बोलला नाही. माझ्यावरचा त्याचा विश्वास मात्र त्या दिवशी संपला होता आणि तो विश्वास गेल्याचे माझ्या लक्षात यायला ऑगस्ट उजाडला.

आता तुमच्या भीतीविषयी. खरे सांगितले तर चांगले उमेदवार बिचकतील, असे तुम्ही म्हणता. काही बिचकतीलही, परंतु ते कधी बिचकतात याला फार महत्त्व आहे. फेब्रुवारीत ‘मला हे जमणार नाही’ असे कोणी कळवले तर तुमचे एका मुलाखतीचे नुकसान होते. जुलैत कोणी तेच म्हणाले तर दहा लहान मुलींच्या केबिनमधली एक काउन्सेलर कमी होते आणि उरलेल्या दोघींवर तिचा भार पडतो. उमेदवाराच्या बाजूने हिशेब याहून कठोर आहे. एकशे पंच्याऐंशी डॉलर व्हिसाचे शुल्क, पस्तीस डॉलर सेव्हिसचे, म्हणजे अशा व्हिसावर येणाऱ्यांच्या सरकारी नोंदणीचे शुल्क, व्हिसासाठी प्रायोजक असणाऱ्या स्पॉन्सर संस्थेची फी, शिवाय मुंबईहून बोस्टनचे परतीचे विमान तिकीट, असा सगळा खर्च करून, नातेवाइकांचे पेढे खाऊन आलेल्या वीस वर्षांच्या मुलीला ‘मला इथे बरे वाटत नाही’ हे वाक्य उच्चारणे किती अवघड असेल याचा विचार करा. ओरिएंटेशन दोन दिवसांनी वाढवून हे साधणार नाही, कारण ओरिएंटेशन सुरू होते तेव्हा नाही म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. शिवाय सर्वजण ओरिएंटेशनला वेळेवर पोहोचतीलच असे नाही. २०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी दूतावासांनी जे-१ (तुमचा परदेशी स्टाफ ज्यावर येतो तो विनिमय व्हिसा) सह विद्यार्थी आणि विनिमय व्हिसांच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे सुमारे तीन आठवडे थांबवले होते. असे पुन्हा झाले तर जी मुलगी थेट मुली आल्यानंतरच पोहोचेल, तिच्याकडे निघण्यापूर्वी मिळालेल्या तयारीखेरीज दुसरे काहीच नसेल.

तेव्हा पुस्तिका ठेवा, संदर्भासाठी तिचा उपयोग आहे. पण करारावर सही होण्यापूर्वी उमेदवाराच्या हाती दोन पानांचे एक साधे लिखाण द्या, ज्यात फक्त एक दिवस आणि एक रात्र असेल. ते तुम्ही लिहू नका. गेल्या वर्षी प्रथमच आलेल्या आणि शेवटपर्यंत टिकलेल्या एखाद्या परदेशी काउन्सेलरकडून लिहून घ्या आणि तिने लिहिलेले गोड करू नका. त्यात काय यावे? केबिनमध्ये दहा मुली, तीन काउन्सेलर आणि दुमजली खाटा असतात. स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे एक गादी आणि तिच्याखाली सरकवलेली ट्रंक. फोन दिवसभर कुलपात राहतो आणि रात्री स्टाफच्या खोलीत तासभर मिळतो, तेव्हा तिथे तीस जण एकाच वायफायवर असतात. आणि ती रात्रही यावी : दोन वाजता आठ वर्षांची एक मुलगी खाटेजवळ येऊन नुसती उभी राहते, काही बोलत नाही, तेव्हा तिची चादर ओली झाली आहे हे आपण ओळखायचे, दिवा न लावता टॉर्चच्या उजेडात चादर बदलायची, ओली चादर कोणाला दिसणार नाही अशी पिशवीत भरायची आणि सकाळी त्याविषयी एक शब्दही काढायचा नाही. हे वाचून जिच्या मनात ‘हे मी करीन’ असे येते, ती तुमची काउन्सेलर. जिला किळस येते तिच्यातही काही वाईट नाही, पण ते तिला फेब्रुवारीत कळलेले बरे.

ऑनलाइन परीक्षेचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. परीक्षा आली की मुले उत्तरे शोधतात, आणि आपल्याकडची मुले तर त्यात तरबेज असतात. त्याऐवजी चार-पाच जणांच्या गटाशी एप्रिल आणि मे महिन्यांत दोनदा व्हिडिओवर बोला आणि हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असेच प्रश्न विचारा. ‘पुस्तिका वाचली का’ याऐवजी ‘बोस्टनच्या विमानतळावर उतरल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय कराल, ते मला सांगा’ असे म्हणा. जिथे ती अडखळेल तिथे तुमच्या तयारीतले भोक सापडेल. वेळेचा हिशेब एकदा नीट घालावा लागेल. तुमच्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे दहा, ब्रिटनमध्ये संध्याकाळचे पाच, पोलंड आणि दक्षिण आफ्रिकेत सहा आणि पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. न्यूझीलंडमध्ये मात्र दुसऱ्या दिवसाची पहाटेची चारची वेळ असते, म्हणून त्यांचा गट वेगळा, तुमच्या संध्याकाळी पाचला घ्यावा. एका उमेदवारामागे एक जुनी काउन्सेलर जोडून द्या आणि त्या जुनीला त्याचे थोडे मानधन द्या. फुकट केलेली मैत्री मे महिन्यातल्या परीक्षांत विरून जाते.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम या संभाषणांत आवर्जून घ्या, कारण तिथे गैरसमजाची किंमत फार मोठी असते. आपल्याकडे रडणाऱ्या पोरीला मांडीवर घेणे, तिचा पापा घेणे, तिला बाजूला नेऊन समजावणे ही मायाच समजली जाते. तुमच्याकडे यांतील पहिल्या दोन गोष्टी चालत नाहीत आणि तिसरी, म्हणजे एकट्या मुलीबरोबर इतरांच्या नजरेआड असणे, हा तर नोकरी जाण्याचा विषय आहे. नियम नुसता कळवला की समोरच्या व्यक्तीला आपल्यावर संशय घेतला जात आहे असे वाटते. म्हणून प्रसंग सांगा : एक मुलगी म्हणते, ‘मी तुला काही सांगते, पण कोणाला सांगणार नाहीस असे वचन दे.’ तुम्ही काय म्हणाल? ते वचन देता येत नाही, आणि ते का देता येत नाही, यावर वीस मिनिटे बोलणे हे पुस्तिकेतल्या सहा पानांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

कागदपत्रांचे काम बहुतांशी स्पॉन्सर संस्थेचे आहे. तुमच्याकडे त्यातले एकच महत्त्वाचे येते. सांगितलेले काम आणि प्रत्यक्ष दिले जाणारे काम यांत फरक पडता कामा नये. कॅम्प काउन्सेलर या जे-१ वर्गात आलेल्या व्यक्तीला स्वयंपाकघरात भांडी घासायला किंवा साफसफाईला लावता येत नाही. त्या कामांसाठी येणारे विद्यार्थी वेगळ्या वर्गातून येतात. ‘आचारी आजारी पडला, चार दिवस तेवढे सांभाळून घे’ हे तुम्हाला साधे वाटेल, पण ते नियमात बसत नाही आणि त्या मुलीला ती फसवणूक वाटते. पैशांविषयीही आधीच आकडे मांडा : एकूण वेतन किती, हातात किती, पहिला हप्ता कोणत्या तारखेला. सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे वेतन आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, अमेरिकेत पोहोचल्यानंतरच मागता येतो आणि तो येण्यास वेळ लागतो, म्हणून पहिल्या तीन आठवड्यांच्या खर्चाची रक्कम सोबत आणायला सांगा. परदेशी काउन्सेलरांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठीचा) कर सहसा लागू होत नाही, आयकर मात्र कापला जाऊ शकतो. हे एक वाक्य आधी सांगितले तर पगाराच्या दिवशी ऑफिसपुढे रांग लागत नाही.

यानंतरची गोष्ट तुमच्या संचालकांना कदाचित आवडणार नाही. येणाऱ्यांची तयारी करताना कॅम्पचीही तयारी करावी लागते. पुण्याच्या मुलीने अर्जात ‘शाकाहारी’ लिहिले होते आणि स्वयंपाकघराने तिच्यासाठी चीज सँडविच ठेवले, एवढ्यावर ते थांबले असेल, असा माझा अंदाज आहे. शेकोटीभोवती बिस्किटांत चॉकलेट आणि भाजलेले मार्शमॅलो घालून खातात, त्या मार्शमॅलोत जिलेटिन असते, हे तिला कोणी सांगितले होते का? की अर्धे खाल्ल्यावर शेजारणीने हसत हसत सांगितले? गोष्ट लहान आहे, आणि ती सांगायला गेले तर आपण कुरकुर करतो असे दिसेल म्हणून कोणी ती सांगत नाही. अशा दहा-बारा लहान गोष्टी साचल्या की बॅग भरली जाते. स्वयंपाकघराच्या प्रमुखाचे आणि अशा उमेदवाराचे मे महिन्यातच दहा मिनिटे बोलणे करून द्या. केबिनमधल्या अमेरिकन सहकाऱ्यांना तिचे नाव नीट उच्चारायला शिकवा. नाव तोडून सोपे करण्याची परवानगी मागणे हेही एक प्रकारचे दडपणच असते. आणि गोचिडींविषयी आधी सांगा. न्यू इंग्लंडच्या झाडीतली बारीक गोचीड चावली तर लाइम रोग होऊ शकतो, म्हणून दररोज रात्री कानामागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे पाहायचे असते आणि सापडली तर न घाबरता परिचारिकेकडे जायचे असते. हे ज्याला घरी असताना कळते तो तिथे शांत राहतो. ज्याला केबिनमध्ये, स्वतःच्या पायावर ती दिसल्यावर कळते, तो रात्रभर इंटरनेटवर लक्षणे वाचत बसतो.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने, पुण्या-नाशकाकडून किंवा कोठूनही अशा कामाला जाण्याचा विचार करणाऱ्या वाचकांनाही चार शब्द सांगते. सही करण्यापूर्वी कॅम्पला विचारा : मी किती जणींबरोबर आणि किती वर्षांच्या मुलींच्या केबिनमध्ये झोपणार? मोकळा वेळ रोज किती आणि त्या वेळात जायला कुठे असते? पगार कोणत्या तारखांना मिळतो? मला त्रास झाला तर संचालकांव्यतिरिक्त कोणाशी बोलावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमची स्पॉन्सर संस्था हे आहे, तिचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. व्हिसाच्या वेळी हक्कांविषयीची जी पत्रिका देतात, ती विमानात तरी वाचा. आणि गेल्या वर्षी तिथे काम केलेल्या एखाद्या परदेशी व्यक्तीशी बोलायला मिळेल का, असे स्पष्ट विचारा. जो कॅम्प टाळाटाळ करतो, त्याने तुम्हाला उत्तर दिलेलेच असते.

शेवटी पुण्याची मुलगी. ‘ती आपलीच’ असे म्हणून तुम्ही तिच्याशी कमी बोललात, हे तुम्ही कबूल केले आहे, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही. एवढेच नजरेस आणून देते की तुम्ही तिच्या ताई होतात, म्हणूनच तिला तुमच्यापाशी तक्रार करता आली नाही. ताईला वाईट वाटेल असे आपण बोलत नाही. पुढच्या वर्षी मराठी उमेदवार आली तर आठवड्याची विचारपूस दुसऱ्या कोणाकडे, शक्यतो तिच्या वरिष्ठांपैकी नसलेल्या व्यक्तीकडे सोपवा. मराठीत बोलायला तुम्ही आहातच. विचारपुशीची वेळही ठरवून ठेवा, मुली आल्यानंतरचा चौथा दिवस आणि पहिल्या सुट्टीनंतरची सकाळ. माझ्या अनुभवात मन खचते ते याच दोन वेळांना. पहिल्या दिवशीच्या गडबडीत तशी सवडच नसते.

तिला मात्र आताच पत्र लिहा. लांबलचक दिलगिरी नको, ती वाचून तिलाच तुमची समजूत काढावी लागेल. तिने काय सोसले ते तुम्हाला उशिरा कळले, एवढे एका वाक्यात लिहा आणि तिला एक काम द्या : पहिल्या रात्रीविषयी दोन पाने, मराठीत लिहिली तरी चालतील, भाषांतर तुम्ही करा. त्याचे मानधन किती ते पत्रातच लिहा, आणि तिने नकार दिला तर तो पहिल्याच उत्तरात मान्य करा.